परवानगीच्या आड दडलेली चैन

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना डोंगरात, जंगलात, पाण्यावर नेण्याचा विषय निघाला की आपल्या विद्यापीठीय जगात दोनच सूर ऐकू येतात. पहिला माहितीपुस्तिकेतला: साहसाने नेतृत्वगुण वाढतात, संघभावना रुजते, तेव्हा एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवसांचे ‘आउटबाउंड’ करावे. दुसरा प्राचार्यांच्या दालनातला: काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? आमच्या मते हे दोन्ही सूर एकाच समजुतीतून निघतात. साहस ही शिक्षणाबाहेरची चैन आहे. ज्याला परवडेल त्याने ती करावी, ज्याला भीती वाटेल त्याने टाळावी, अशी ती समजूत. साहित्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तरी ती निमूटपणे स्वीकारू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. या घटना आठवल्या की कोणत्याही शिक्षकाचा हात सही करताना थबकणारच. पण या सहली होत्या, साहसाचे शिक्षण नव्हते. आणि आम्हांला हा फरक शब्दांचा वाटत नाही. धरणाखालच्या नदीत आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकते, ओहोटीचे पाणी किनाऱ्यावरून साधे दिसते आणि पायाखालून ओढून नेते, या शिकवण्याच्या गोष्टी आहेत. जिथे त्या शिकवल्या जातात तिथे पाण्यात उतरण्याआधी पाण्याविषयी बोलतात, दोर कोणी धरायचा हे ठरवतात आणि परत फिरण्याची वेळ घड्याळ लावून पाळतात. अपघातानंतर आपण या शिक्षणाची मागणी करायला हवी होती. आपण प्रतिज्ञापत्रांची संख्या वाढवली.

त्याचा परिणाम काय झाला? तरुण डोंगरात जायचे थांबले का? जुलै २०२३ मधल्या एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी झाली, की माणसे तासन्‌तास एकाच जागी अडकून राहिली. पावसाळ्यातल्या कोणत्याही शनिवारी हरिहरच्या कातळपायऱ्या पाहाव्यात. गुळगुळीत तळव्यांचे बूट, हातात मोबाईल, सोबत मार्गदर्शक नाही, अशी आपल्याच वर्गातली मुले तिथे भेटतील. महाविद्यालयाने नेले नाही म्हणून ती गेली नाहीत असे झालेले नाही. ती महाविद्यालयावाचून गेली. एखादा घसरलाच तर त्याला दरीतून वर काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री उतरतात. ज्या जबाबदारीला विद्यापीठे घाबरली, ती अखेर आपली कामेधामे सोडून आलेल्या या लोकांच्या खांद्यावर पडते.

आणि हेही पूर्ण खरे नाही. महाविद्यालयावाचून गेले ते मुलगे. तालुक्याच्या गावी बी. ए. ला मराठी घेऊन शिकणाऱ्या मुलीला ‘मित्रमैत्रिणींबरोबर राजगडावर जाते, रात्री तिथेच मुक्काम आहे’ असे घरी सांगता येत नाही. तिच्याकडे एकच वाट असते: महाविद्यालयाचे पत्र, सोबत बाई, जाण्यायेण्याची ठरलेली वेळ. ते पत्र निघाले नाही की मुलग्याची एक सोय बुडते. मुलीची मात्र डोंगराशी भेटच होत नाही, आणि लग्नानंतर ती होण्याची शक्यता किती, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सावधगिरीच्या नावाखाली घेतलेला निर्णय इतक्या नेमकेपणाने वर्गातल्या अर्ध्या बाकांवर पडतो, तेव्हा त्याला सावधगिरी म्हणणे आम्हांला जड जाते. दुसरीकडे, भरघोस शुल्क घेणाऱ्या संस्थांतली व्यवस्थापनाची मुले मुळशी-लोणावळ्याच्या परिसरात दोरावरून चालून येतात आणि प्रमाणपत्र मिळवतात. त्यांच्या परवानगीचा प्रश्न कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही.

त्या प्रमाणपत्रावरच्या ‘नेतृत्व’ या शब्दाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. नाझी जर्मनी सोडावी लागलेला शिक्षक कुर्ट हान याने १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्ही इथे जी ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला, तिचा एक तातडीचा हेतू तरुण खलाशांना तयार करणे हा होता. जहाज बुडाल्यावर थंडगार समुद्रात तग कसा धरायचा आणि शेजारच्याला कसा धरू द्यायचा, हा तिथला प्रश्न होता. हानच्या चारित्र्यघडणीच्या कल्पनांना उच्चवर्गीय वास्तू-वस्त्रांचा वास येतो हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तरीही नेतृत्वाचा तिथला अर्थ दुसऱ्याला जिवंत ठेवणे हा होता, पदोन्नती मिळवणे हा नव्हे. धुके उतरल्यावर शिखर अर्ध्या तासावर असताना ‘आता मागे फिरू’ असे म्हणणारी मुलगी आणि तिचे ऐकणारा गट, एवढे एका कार्यक्रमातून साधले तरी आमचे समाधान आहे.

साहित्याच्या विभागाने यात का पडावे, असे कोणी विचारील. राजगडाला तीन माच्या आहेत: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. माची म्हणजे काय, हे न पाहिलेल्या वर्गाला आपण गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ शिकवतो. नेढे, सोंड, घळ, टाके, खिंड हे शब्द कोशात अर्थासह आहेत. पण सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसून अंगावर आलेला वारा ज्याने घेतला नाही, त्याला तो शब्द उत्तरपत्रिकेपुरताच येतो. ज्ञान पायाने मिळवण्याची आपली परंपरा काही क्षीण नाही. गणिताचे प्राध्यापक असलेले दा. ध. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या हिंडले, तिथे त्यांना सूक्ष्म पाषाणहत्यारे आणि देवतांच्या ठाण्यांतून जाणाऱ्या जुन्या वाटा दिसल्या. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या. एकाच दिंडीतल्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे ‘वाटचाल’मध्ये त्या लिहू शकल्या, कारण त्या वाटेवर त्या जेवल्याही होत्या.

इथे आमच्याच बाजूच्या मंडळींना एक बोचरी गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडील दुर्गभ्रमणात घोषणा फार आणि पाहणे थोडे, असे पुष्कळदा घडते. पायथ्याच्या वाडीतला महादेव कोळी किंवा ठाकर आपण ‘वाटाड्या’ म्हणून घेतो, संध्याकाळी त्याला पैसे देतो आणि वृत्तांतात त्याचे नाव गाळतो. नेतृत्वाचा धडा घ्यायचाच तर त्या दिवसाचा नेता तोच होता, हे मान्य करण्यापासून सुरुवात करावी लागेल. आदिवासी वसतिगृहातून आलेला, वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा विद्यार्थी इथे पुढे चालू लागतो, असेही घडू शकते. (त्यावर लगेच भाबडी कथा लिहू नये, एवढीच विनंती.)

पैसा आणि जागा यांची सबब आम्हांला पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर प्राचार्यांना परके नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आखलेल्या पदवीच्या आराखड्यात सहशालेय उपक्रमांना आणि क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक आहेत. राज्याचे साहसी उपक्रमांविषयीचे धोरण २०२१ मध्ये आले आहे. उणीव आहे ती प्रशिक्षित शिक्षकांची. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एका अध्यापिकेला आणि एका अध्यापकाला विद्यापीठाने पगारी रजेवर तिथे पाठवावे. दोर, शिरस्त्राणे, विमा यांचा खर्च विद्यार्थी कल्याणाच्या निधीतून व्हावा, विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून नव्हे. वाटाड्याचे मानधन अंदाजपत्रकात आधीच लिहिलेले असावे. आणि या वर्षीचे पहिले पत्र मराठी विभागाच्या प्रमुखांनी प्राचार्यांना पाठवावे. येणाऱ्या मुलींची नावे त्याच्या पहिल्या पानावर असावीत.