राखण की पाळत?

घराच्या फाटकावर कॅमेरा बसविणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. चोऱ्या होतात, घरे दिवसभर बंद असतात, मुले परदेशी आणि वृद्ध आईवडील एकटे, ही वस्तुस्थिती आम्हांस ठाऊक आहे. फाटकावरचा कॅमेरा कुलपासारखा उघड असतो. येणाऱ्याला तो दिसतो आणि येथे राखण आहे, एवढे सांगून आपले काम करतो. आमचा आक्षेप आहे तो घराच्या आत, भिंतीवरच्या घड्याळात, विजेच्या बल्बात किंवा मोबाईलच्या चार्जरमध्ये दडवून बसविलेल्या कॅमेऱ्याला. अशी यंत्रे आज बाजारात सहज मिळतात आणि सुरक्षिततेच्या नावाखाली सभ्य घरांत शिरत आहेत.

उघड कॅमेरा चोर आधी फोडील, म्हणून तो लपवावा, असे त्याचे समर्थक म्हणतात. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण चोर आमच्या बैठकीच्या खोलीत दिवसभर बसून राहत नाही. तेथे वावरतात ती घरची सून, अभ्यास करणारी मुलगी, आजारी आजोबा आणि धुणीभांडी करायला येणारी बाई. चोर आला तर वर्षातून एखादे वेळी येईल. एरवी त्या डोळ्यासमोर हीच माणसे असतात. मग तो डोळा नेमका कोणापासून लपविला आहे, याचे उत्तर घरमालकाने स्वतःलाच प्रामाणिकपणे द्यावे.

दुसरे समर्थन अधिक गंभीर आहे. तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेली आई परक्या बाईच्या हवाली करून कामावर जावे लागते. ही चिंता खरी आहे आणि तिची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु उपाय तपासून पाहा. कामावर ठेवतानाच बाईला सांगितले, की या खोलीत कॅमेरा आहे, तर हात उगारण्यापूर्वी ती विचार करील. लपविलेला कॅमेरा मात्र मार बसून गेल्यावर तो दाखवितो. त्याने पुरावा मिळेल, पण बाळाचे रक्षण कोठे झाले? शिवाय त्या आईचे काय? तिचे अंग पुसले जाते, कपडे बदलले जातात आणि ते दृश्य दुबईतल्या मुलाच्या फोनवर उमटते. तिला कोणी विचारले? म्हातारपणी शरीर थकते, लाज थकत नाही.

कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. संमतीवाचून कोणाच्या गुप्तांगांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, सहनिवाशांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालविता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने घरगुती कारणासाठी व्यक्तीने हाताळलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे मोलकरणीच्या चित्रणाचे पुढे काय होते, हा प्रश्न तो कायदा विचारीत नाही. जेथे कायदा गप्प राहतो, तेथे सदसद्विवेकाने बोलावयाचे असते.

आणि हे चित्रण घरातच राहते, या भ्रमात कोणी राहू नये. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हे दुतर्फी दार आहे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक संगणक-प्रणालीने हजारो कॅमेरे आणि तत्सम यंत्रे ताब्यात घेतली. मालकांनी कारखान्यातला मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. २०२१ साली कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांत परक्यांनी शिरकाव केला. त्यांत इस्पितळे, शाळा आणि तुरुंग होते. मोठ्या संस्थांची ही गत, तर आमच्या शयनगृहातल्या घड्याळाची हमी कोण देणार?

देवही सर्व पाहतो, मग कॅमेऱ्याचे भय कशाला, असे कोणी चतुराईने विचारतो. देवाच्या दृष्टीशी आपल्या संशयाची बरोबरी करण्याचा हा उद्दामपणा आहे. दानिएलच्या ग्रंथात बागेत दडून सुसान्नेला न्याहाळणारे दोघे वडील न्यायाधीशच होते. त्यांच्या पदाने त्यांची नजर पवित्र झाली नाही. उलट नोहाची लाज झाकण्यासाठी शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले. घरच्या माणसाकडे न पाहणे हेही कधी कधी प्रेमाचे कर्तव्य असते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील २२० वे कलम प्रत्येकाच्या खाजगीपणाच्या हक्काला संरक्षण देते. तो हक्क मोलकरणीलाही आहे आणि सुनेलाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कॅमेरा हवा तर फाटकावर, अंगणात, दर्शनी भागी लावावा. त्याचे तोंड शेजाऱ्याच्या ओटीकडे नसावे. आत लावणे अटळच असेल तर घरातल्या प्रत्येकाला, नोकरमाणसांसह, आधी सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी. निजण्याच्या व न्हाण्याच्या खोलीत तो कधीही नसावा. जे सांगून ठेवता येत नाही, ते ठेवूच नये. चोराने नेलेला दागिना पुन्हा घडविता येतो. आपल्याच माणसांनी आपल्यावर पाळत ठेवली, हे कळल्यावर मोडलेला विश्वास कोणत्याही सोनाराकडे दुरुस्त होत नाही.