घागर विहिरीवरच राहिली

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पोथीची जागा ठरलेली असते. कोठे ती देवघराशेजारच्या फडताळात असते, तर कोठे पाटावर तांबड्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेली असते. दत्तजयंती जवळ आली की दांडिया बाजारात, रावपुऱ्यात गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. चातुर्मासात कोणी ज्ञानेश्वरी लावतो, कोणी दासबोध. याच शहरातील ख्रिस्ती घरांत कुटुंबप्रार्थनेच्या वेळी बायबलातील एखादा उतारा वाचला जातो. ग्रंथ निरनिराळे, भाषा कधी मराठी, कधी गुजराती. परंतु वाचणाऱ्यापुढे एक प्रश्न सर्वत्र सारखाच उभा राहतो. वाचून झाले, वस्त्र पुन्हा गुंडाळले. आता वाचणाऱ्याचे काय झाले?

या महिन्यात आम्ही हा प्रश्न एका मराठी विदुषीच्या आयुष्याशी ताडून पाहणार आहोत. त्यांचे नाव पंडिता रमाबाई. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की त्या ग्रंथ कसा वाचीत, हे पाहण्याची सवड फारशी कोणी घेतली नाही. वस्तुतः त्यांच्या चरित्रातील सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच आहे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक होते. तीर्थोतीर्थी फिरावे, देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. द्वारकेपर्यंत ही मंडळी गेली होती. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात या वाचनाविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ते वाचन संस्कृतात चाले आणि त्याचा अर्थ लोकभाषेत सांगितला जातोच असे नसे. श्रवणानेच पुण्य लाभते, अशी वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची समजूत होती. हे वाचून कोणी आपल्या परंपरेवर राग धरू नये. याच परंपरेत ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, ती अर्थ कळावा म्हणूनच. पण शब्द कानांवरून वाहून जाणे म्हणजे काय, हे ज्या मुलीने बालपणी पाहिले, तिला पुढे अर्थाची एवढी तहान का लागली, हे यावरून समजते. १८७० नंतरच्या दुष्काळात त्याच भटकंतीत तिचे वडील, आई आणि बहीण गेली. उरली ती आणि भाऊ श्रीनिवास.

ख्रिस्ती शास्त्राशी त्यांचा निकटचा परिचय आसामातील सिल्चर येथे झाला. पती बिपिनबिहारी मेधवी वकील होते. त्यांच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली. एक मिशनरी येऊन बायबलातील पहिले अध्याय समजावून देऊ लागले. १८८२ मध्ये पती वारले. तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तेथे, वाँटेज येथील मठातील भगिनींकडे राहत असताना, त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे एक आश्रम दाखविण्यात आला. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरविलेल्या स्त्रियांची सेवा तेथे भगिनी करीत होत्या. अशा बायकांची एवढी काळजी घेणारी माणसे रमाबाईंनी पूर्वी पाहिली नव्हती. असे का करता, हे त्यांनी सोबतच्या भगिनीस विचारले. भगिनीने वाद घातला नाही की व्याख्यान दिले नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखविला आणि समजावून सांगितला.

तो अध्याय आमच्या काही वाचकांना पाठ असेल, काहींना अगदी नवा असेल. म्हणून थोडक्यात सांगतो. भर दुपारची वेळ. चालून थकलेला येशू शोमरोनातील सूखार गावापाशी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न विकत घ्यावयास गावात गेले आहेत. एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन पाणी भरावयास येते. येशू तिच्याकडे प्यावयास पाणी मागतो. ती चकित होते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. त्यातून हा पुरुष आणि ती बाई. मग बोलणे वाढते. येशू तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो. तिच्या संसाराची कहाणी तो न सांगता जाणतो; पाच नवरे झाले आणि आता ज्याच्यापाशी ती राहते तो तिचा नवरा नव्हे. ती विषय बदलून देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमात, असे विचारते. उत्तर मिळते की खरी उपासना आत्म्याने व सत्याने होते, तिला डोंगराचे वा नगराचे बंधन नाही. तेवढ्यात शिष्य परत येतात. गुरू एका बाईशी बोलत आहेत हे पाहून त्यांना नवल वाटते, पण विचारण्याचे धैर्य कोणास होत नाही. ती बाई घागर तेथेच ठेवून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते.

मराठी घरात वाढलेल्या स्त्रीने ही गोष्ट ऐकली, हे येथे ध्यानात धरले पाहिजे. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागत नसे. विहीर, घागर, विटाळ या तीन शब्दांत सारा समाज मांडता येत असे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच महाराष्ट्रात. ज्या देशात गुरूने उष्ण दुपारी ‘बाटलेल्या’ बाईकडे पाणी मागणे अशक्य मानले जाई, त्या देशातील एका पंडितेने हा उतारा ऐकला. तिला त्यात परदेशी असे काय वाटावे?

रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. आपण धर्म स्वीकारला, पण ज्याच्यामुळे धर्म जिवंत होतो तो ख्रिस्त आपणांस अद्याप भेटलेला नाही, ही जाणीव त्यांना आणखी सुमारे आठ वर्षांनी झाली, आणि त्यांनी ती लपविली नाही. एवढ्या काळात त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला होता, मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन काढले होते, पुढे ते पुण्यास हलविले होते. जगाच्या दृष्टीने त्या कीर्तीच्या शिखरावर होत्या. अशा वेळी माझे वाचन अजून डोक्यातच राहिले आहे असे म्हणावयास मोठा प्रामाणिकपणा लागतो. आपल्याकडे अनुग्रह एका दिवसात मिळतो, शिष्यत्वास मात्र वर्षे लागतात, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९३ मध्ये शारदा सदनावर वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. पालक बिथरले, पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या. धर्मात हात घालणार नाही असे आश्वासन मिळाल्यावर आपल्या विधवा लेकीसुनांना तेथे ठेवणाऱ्या पालकांची तक्रार सर्वथा पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. पण तो वाद आपण येथे उकलत बसू नये. त्यानंतरची हकीकत आपल्या, म्हणजे गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसांच्या, अधिक जवळची आहे.

१८९९ मध्ये पाऊस फसला. गुजरातेत त्या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. बडोदे संस्थानही त्यातून सुटले नाही. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. १८९६–९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून वाचविल्या होत्या. १९०० मध्ये त्यांच्या संस्थेची माणसे गुजरातेत आली आणि येथील निराधार मुलींना पुण्याजवळील केडगाव येथे, मुक्ती सदनात, घेऊन गेली. त्या सुमारास तेथे सुमारे दीड हजार स्त्रिया व मुले राहत होती. गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज अठराव्या शतकापासून घाट उतरून या मुलखात आले आणि येथेच रुजले. त्या वर्षी मात्र या मुलखातील मुली उलट दिशेने, उपाशी पोटाने, मराठी घरात गेल्या. बडोद्याच्या मराठी समाजाच्या इतिहासात ही ओळ सहसा लिहिली जात नाही.

केडगावच्या आवारात एक विभाग होता कृपासदन. फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्या स्त्रियांसाठी तो होता. म्हणजे १८८३ मध्ये ऐकलेला विहिरीवरचा उतारा, मध्ये कितीतरी वर्षे गेल्यावर, विटामातीच्या भिंतींत उतरला. अंधांसाठी दुसरा विभाग होता, त्याचे नाव बार्तमी सदन. बार्तमी हा शुभवर्तमानातील एक आंधळा भिकारी. वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन होते. रमाबाईंनी बायबलावर भाष्य किती लिहिले हे पाहण्यापेक्षा कोणत्या उताऱ्यासाठी त्यांनी खोल्या बांधल्या हे पाहावे.

आणि मग भाषा. त्यांच्या डोळ्यांपुढे खेड्यांतून आलेल्या, नुकत्याच अक्षर गिरवू लागलेल्या बायका होत्या. मराठीत बायबल नव्हते असे नाही. १८०५ मध्येच श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले होते आणि पुढे मुंबईत दुसरी भाषांतरे झाली. परंतु त्यांतील संस्कृतप्रचुर शब्द या बायकांच्या डोक्यावरून जात, हे रमाबाईंना दिसत होते. संस्कृतात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या बाईने संस्कृतचा भार उतरविण्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सारे बायबल सोप्या मराठीत नव्याने आणण्याचे काम हाती घेतले. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थ न सांगता पुराण वाचणाऱ्या घाटांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांचे शेवटचे काम हे होते.

सर्वांचीच वाट अशी नसते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहा. पती नारायण वामन टिळक यांना १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते गुंतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी सोवळे, स्वयंपाक, पाणी वेगळे ठेवले. नवऱ्याने कविता केल्या, कीर्तने केली, समजूत घातली. त्याने ते सोवळे सुटले नाही. एके दिवशी बसल्या बसल्या त्यांनी स्वतःशीच विचार केला की माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसांनी, आणि उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळात भागांनी प्रसिद्ध झाला. ज्या घरी तो नसेल त्या घराने तो आणावा, मग ते घर कोणत्याही देवाचे असो. तेथेही, पाहा, गोष्ट पुन्हा पाण्यापाशीच येऊन थांबते.

आता वाचकहो, ही पद्धत घरी कशी चालवावी, याविषयी दोन शब्द. उतारा लहान घ्यावा. एका बैठकीत अध्यायामागून अध्याय संपविण्याची हौस पारायणात ठीक आहे, मननात ती आड येते. योहानाचा चौथा अध्याय घेतला तर पहिल्या बेचाळीस वचनांपाशी थांबावे. घरातील कोणी एकाने मोठ्याने वाचावे. मुलांना मराठी अडत असेल तर त्यांनी गुजरातीत वाचावे, त्यात कमीपणा मानू नये. मग पुस्तक मिटून प्रत्येकाने आपण त्या प्रसंगात कोठे उभे आहोत ते सांगावे. आमचा अनुभव असा की वडीलधारी मंडळी लगेच येशूच्या बाजूस जाऊन बसतात, कारण उपदेश करणे त्यांना सोयीचे असते. त्यांना शिष्यांच्या रांगेत उभे करावे. बाजारातून भाकरी घेऊन आलेले, गुरू कोणाशी बोलत आहेत हे पाहून मनातून नाराज झालेले, आणि तोंडाने मात्र गप्प राहिलेले ते शिष्य आपल्या पुष्कळ जवळचे आहेत. तेही शिष्यच होते, शिकत होते.

शेवटी त्या घागरीविषयी बोलावे. ती बाई पाण्यासाठी आली होती आणि घागर टाकून गेली. घाईत विसरली? परत येणारच म्हणून ठेवली? की तहानलेल्या माणसाला पाणी प्यायला मिळावे म्हणून? योहान सांगत नाही. या एका गोष्टीवर घरातील सर्वांनी, मोलकरणीसह, आपले मत द्यावे. मोलकरणीच्या हातचे पाणी आपल्या घरी कोणत्या पेल्यातून दिले-घेतले जाते, हा विषय मग आपोआप निघेल. निघाला तर टाळू नये.

पुढील अंकी बार्तमीची गोष्ट घेऊ. मार्काच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात ४६ ते ५२ ही वचने आहेत. येशूने त्या आंधळ्याला एक साधा प्रश्न विचारला आहे. तो वाचकांनी तोपर्यंत शोधून ठेवावा आणि तोच प्रश्न आपणांस कोणी विचारला तर काय उत्तर द्याल, ते चार ओळींत आम्हांस लिहून कळवावे.