वीस लिटरचा समुद्र आणि आपली क्षारपड

पॅकहाउसच्या टेबलावर पुतण्यानं खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवलीय. तिचा फोटो टाकल्यापासून रोज दोन-चार जण विचारतात, "पोरगं मागतंय, वीस लिटरची घेऊ का? लहान आहे, सोपी जाईल." सरळ सांगतो, लहान म्हणजे सोपी हा हिशोबच उलटा आहे. दुकानदार पहिल्याच दिवशी टाकी, मीठ आणि नारिंगी क्लाऊनफिश एका पिशवीत देत असेल, तर तिथून माघारी या.

कारण आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड जमिनी बघितल्यात ना? पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं आणि निचरा नसला की साठत जातं. काचेच्या टाकीला तर निचरा नावालाही नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वीस लिटरच्या टाकीतून रोज अर्धा लिटर पाणी उडालं तर चार दिवसांत १८ लिटर उरतं, मीठ मात्र तेवढंच. म्हणजे ३५ चं जवळजवळ ३९ झालं. दोनशे लिटरमधून तेवढंच दोन लिटर गेलं तर माशाला पत्ताही लागत नाही. म्हणून काचेवर पातळीची पट्टी चिकटवा आणि रोज गोडं पाणी घालून तिथवर आणा. गोडं म्हणतोय. उडालेल्याच्या जागी खारं पाणी ओतलं की काय होतं, ते वर सांगितलंच.

मोजायचं कशानं? आपला ईसी मीटर इथं बहुतेक चालत नाही. समुद्राची ईसी ५० च्या वर जाते आणि आपण विहिरीचं पाणी दोन-सव्वादोनच्या वर गेलं की डोक्याला हात लावतो. द्राक्षवाल्यांकडं ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो, त्याच जातीचं पण क्षारतेची पट्टी असलेलं यंत्र मिळतं. ब्रिक्सवालं वापरू नका, आकडा चुकीचा वाचाल. घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची.

पाणी बोअरचं नको. त्यात नायट्रेट असतं, जडपणा असतो. गावातल्या आरओचं घेतलं तरी टीडीएस बघून घ्या, चवीसाठी साधं पाणी मिसळलेलं असू शकतं. आपल्याला शून्याजवळ हवं. मीठ स्वयंपाकाचं अजिबात नको, मिठागरातलं खडेमीठही नको. मीठ बसतं तेव्हा मॅग्नेशियम बरंचसं उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं, हातात येतो तो मुख्यतः सोडियम क्लोराइड. नुसत्या सोडियमनं जमिनीचं काय होतं आणि आपण जिप्सम का टाकतो हे ठाऊक असणाऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. टाकीसाठी तयार केलेलं समुद्री मीठच घ्या, वीस लिटरला ७०० ते ७५० ग्रॅम लागतं.

आता खरी गोष्ट. पहिले चार ते सहा आठवडे टाकीत मासा नको. अमोनियम सल्फेट टाकल्यावर जमिनीत जे घडतं तेच इथं घडायला हवं: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. हे करणारे जिवाणू सच्छिद्र दगडावर बसायला वेळ घेतात. चिमूटभर मत्स्यखाद्य टाकायचं, पाणी फिरतं ठेवायचं, थेंबाच्या किटनं तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले की मग पुढचं. घाई का नको, तर समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४. चुनखडीच्या रानात वर टाकलेला युरिया वायू होऊन उडतो तो पीएचमुळंच. सातच्या पीएचला एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, ८.२ ला तो पाचाच्या वर जातो. बायोफ्लॉकमध्ये हात पोळलेल्यांना हे चांगलं माहीत आहे.

सहा आठवडे झाल्यावरही माझं मत, वीस लिटरमध्ये मासा नकोच. दोन-तीन गोगलगायी, एखादा शंखातला खेकडा, फार तर एखादी कोळंबी. काही जण म्हणतील मग बघायचं काय? रात्री टॉर्च मारून बघा, दगडातून काय काय बाहेर येतं ते. मासाच पाहिजे असेल तर निदान साठ-सत्तर लिटर घ्या आणि पैदास केलेलाच मासा मागा. क्लाऊनफिशची पैदास आपल्या देशात होते, सीएमएफआरआयनं ते तंत्र बसवलेलं आहे.

दर आठवड्याला दोन लिटर पाणी बदला, मीठ आदल्या दिवशी विरघळवून ठेवा. हा झाला तुमचा निचरा. उन्हाळ्यात पाणी २७ च्या वर फार जाऊ देऊ नका. पंखा लावला तर दोन-तीन अंशानं उतरतं, पण पाणी जास्त उडतं, पट्टीकडं लक्ष ठेवा. लाइट गेली की हवेचा पंप बंद, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी इथं कामाला येते.

पण फवारणीचे हात टाकीत नको! बोर्डो असो की कॉपर ऑक्सिक्लोराइड, तांब्याचा अंशही गोगलगाय, कोळंबीला मारतो. पायरेथ्रॉइड तर त्याहून वाईट. टाकी औषधाच्या खोलीत किंवा ब्लोअरचा वारा येतो तिथं ठेवू नका, आणि तिच्या बादल्या वेगळ्याच असू द्या.

शेवटचं, मालवणला फिरायला जाणाऱ्यांसाठी. तिथून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, मेलेला पांढरासुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. कुणी दुकानात "लाइव्ह रॉक" म्हणून देत असेल तरी घेऊ नका. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे मिळतात, जिवाणू त्यावरही तितकेच खुशीत बसतात.