विकत घेतलेला पहिला क्रमांक

स्मरणिका समितीच्या चिटणिसांचा फोन आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मधुमेहावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि माझ्या आठवणी रामबागेच्या चार गल्ल्यांपलीकडे जात नाहीत. परंतु "मग आपल्या व्यवसायाविषयी मनात काही सलत असेल ते लिहा" असे त्यांनी म्हटले आणि मी अडकलो. सलणारे एक होते. ते कबुलीजबाबाच्या स्वरूपात मांडावे लागेल, त्याला इलाज नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात मी एका ऑनलाइन डिरेक्टरीला पैसे भरून माझे नाव यादीच्या शिरोभागी लावून घेतले.

माझ्या आजोबांनी इंदुरात दवाखाना काढला तेव्हा दारावर नाव, पदवी आणि वेळ एवढीच पाटी होती. वडिलांनी तिला एकदा रंग दिला. मी तिच्यात नोंदणी क्रमांकाची भर घातली. तीन पिढ्यांत आम्ही केलेली जाहिरात ती इतकीच. असे असता वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला ही बुद्धी का झाली? कोविडच्या दोन लाटांनंतर दवाखाना ओस पडला होता. जुने रुग्ण काही गेले, काही मुलांकडे पुण्या-बंगळुरास राहावयास गेले. अशा एका रिकाम्या दुपारी नीटनेटका पोशाख केलेला तरुण आला आणि माझ्याच मोबाइलवर मला माझ्या भागातील डॉक्टरांची यादी दाखवू लागला. तीत मी अकराव्या क्रमांकावर होतो. "सर, इतने सीनियर डॉक्टर और ग्यारहवें नंबर पर?" एवढेच तो बोलला. मित्रहो, ज्ञानाने वृद्ध झालेल्या माणसालाही अहंकार कोठे दुखतो हे त्या पोराला बरोबर ठाऊक होते. मी सही केली. बँकेतून दरमहा रक्कम परस्पर वळती होण्याच्या कागदावरही केली.

पुढे जे घडले ते आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या स्वागतकक्षातील बाईंना मी एक वही घालून दिली होती. पहिल्या तीन महिन्यांत त्या वहीत ६१ चौकश्या नोंदल्या गेल्या. प्रत्यक्ष दवाखान्यात आले ते ९. उरलेल्यांपैकी कोणास दातांचा डॉक्टर हवा होता, कोणी विमा विकत होते, आणि बहुतेकांनी "हो, तिघाचौघांचे फोन येऊन गेले" असे वैतागून सांगितले. म्हणजे एकाच माणसाची चौकशी आम्हा चौघांना विकली गेली होती, आणि त्या बिचाऱ्याला वाटत होते की आम्हीच त्याच्या मागे लागलो आहोत. चौदा महिन्यांनी मी बंद करावयाचे ठरवले. सही घेण्यास दारी आलेला तरुण आता फोन उचलीना. शेवटी बँकेत जाऊन तो आदेश रद्द करवून घेतला. ग्राहकाला शिरकाव सोपा आणि सुटका अवघड ठेवण्याच्या या युक्तीला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत घातले आहे. माझी सुटका त्याआधीची, त्यामुळे मला त्याचा उपयोग झाला नाही.

पैसे गेले याचे दुःख नाही. खरा घाव त्यानंतर बसला. सराफ्यातील एक वृद्ध बाई माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे येतात. त्यांना रात्री दम लागला. पुण्याला असलेल्या मुलाने माझे पूर्ण नाव टाकून नंबर शोधला. पान उघडले, त्यावर माझे नाव होते, दवाखान्याचा पत्ता होता. पण खालचा नंबर माझा नव्हता. पैसे थांबल्यावर तो कंपनीचा झाला होता. पलीकडून एका मुलीने "किस एरिया में चाहिए" असे विचारले आणि मिनिटभरात चार डॉक्टरांची नावे त्याच्या मोबाइलवर आली. त्यांत माझे नाव नव्हते. त्या रात्री शेजाऱ्यांनी माझ्या घरचा जुना दूरध्वनी शोधून काढला म्हणून बाई वेळेत रुग्णालयात पोहोचल्या. हृदयक्रिया मंदावल्याने फुप्फुसांत पाणी साचले होते. आज त्या बऱ्या आहेत. मुलगा नंतर भेटावयास आला तेव्हा त्याने सहज विचारले, "काका, तुमचं नाव टाकलं, तर दुसऱ्यांचीच नावं कशी आली?" मला उत्तर देता आले नाही. तीन पिढ्यांनी जे नाव मिळवले, त्या नावाच्या आमिषावर दुसरा कोणी दुसऱ्यांस गिऱ्हाईक विकत होता, आणि त्या व्यवहाराची वाट मीच माझ्या सहीने मोकळी करून दिली होती.

हा प्रकार आपल्यापुरता आहे असे मी समजत होतो. २०२३ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता टेक्सासात डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे गेलो होतो. तो घर घेत होता. तेथे खरेदीपूर्वी घराची तपासणी करणारा एक स्वतंत्र व्यावसायिक बोलावतात. टेक्सासात त्यास राज्याचा परवाना घ्यावा लागतो, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात मात्र नाही. भाचा म्हणाला, "मामा, चला, घरांचा डॉक्टर कसा असतो ते पाहा." गेलो, आणि खरोखरच रमलो. त्या गृहस्थांनी तीन तास छप्पर, विजेची पेटी, नळ, वातानुकूलन असे सगळे पाहिले. पायाभोवती फिरताना ते सर्वांत जास्त रेंगाळले. तेथील जमीन काळी आणि चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची सख्खी बहीणच. त्यामुळे पाया हलतो आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. ते औषध देत नाहीत, दुरुस्ती करत नाहीत. राज्याने ठरवून दिलेल्या छापील नमुन्यात प्रत्येक भागापुढे तपासले, तपासले नाही, अस्तित्वात नाही, सदोष, अशा खुणा करतात आणि अहवाल देतात. निखळ निदान! मला त्यांचा हेवा वाटला.

नंतर कॉफी घेताना मी विचारले, आपणास काम कसे मिळते? त्या हसऱ्या माणसाचा चेहरा उतरला. त्यांनी जे सांगितले ते मी येथे जरा विस्ताराने देतो, कारण आपल्या दुखण्याचे मूळ मला तेथे सापडले.

माणूस आयुष्यात घर घेणार एकदा, फार तर दोनतीनदा. तपासनीस त्याच्या ओळखीचा असण्याचे कारणच नाही. तेव्हा तो विचारतो घराच्या दलालाला. दलालाची कमाई सौदा पुरा होण्यावर. जो तपासनीस पायाची चीर ठळक अक्षरांत लिहील, त्याला दलालांच्या वर्तुळात सौदे मोडणारा म्हणून ओळखतात आणि पुन्हा त्याचे नाव सुचवीत नाहीत. म्हणजे ज्याचे निदान सर्वांत सचोटीचे, त्यास काम सर्वांत कमी. अशा माणसाला ऑनलाइन डिरेक्टरी ही मुक्तीची वाट वाटते: दलालाचे मिंधेपण नको, गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येईल. तो पैसे भरतो. मग एकच चौकशी अनेकांना विकली जाते, फोन करावा तर पलीकडचा म्हणतो मला घर घ्यावयाचेच नाही, आणि जो सर्वांत स्वस्त व सर्वांत लवकर फोन करतो त्याला काम मिळते. "तीन तासांचे काम दीड तासात उरकणारे पुढे गेले," असे ते म्हणाले. दलाल गेला आणि त्याच्या जागी दुसरा दलाल आला, एवढाच फरक.

त्या देशात निदान जाब विचारणारा कोणी आहे. गृहदुरुस्तीची कामे करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना चौकश्या विकणाऱ्या होमॲडव्हायझर या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये कारवाई सुरू केली. विकल्या जाणाऱ्या चौकश्यांचा दर्जा आणि त्यांतून काम मिळण्याची शक्यता यांविषयी फसवे दावे केल्याचा आरोप होता. जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीस ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचा आदेश झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच आयोगाने बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री निषिद्ध ठरविणारा नियम केला.

आता आपल्याकडे वळू. घराच्या दलालाच्या जागी आपल्या व्यवसायात कोण उभा आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. कट देणार नाही म्हणणाऱ्या तज्ज्ञाकडे रुग्ण पाठविले जात नाहीत, हे आपण सारे जाणतो आणि सभांमध्ये त्याविषयी बोलत नाही. २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत दोन्ही गोष्टींना मनाई आहे: टक्केवारी देण्या-घेण्यास, आणि रुग्ण ओढण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी जातो आहे, परत आलो, अशा मोजक्या निवेदनांस परवानगी आहे. पाटी अवास्तव मोठी नसावी, येथवर त्यात लिहिले आहे. ऑनलाइन यादीतील पहिला क्रमांक ही किती फूट बाय किती फूट पाटी झाली, हे मात्र त्या वेळी कोणास सुचणे शक्य नव्हते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले, त्यांत हे स्पष्टपणे आले होते: पैसे देऊन शोधयादीत नाव वर आणू नये, वरच्या मानांकनासाठी शुल्क घेणाऱ्या ॲपवर नोंदणी करू नये. तीन आठवड्यांच्या आत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले आणि २००२ चे पुन्हा लागू झाले. स्थगितीची खरी कारणे इतर कलमांत होती हे खरे. पण त्या गडबडीत हे शहाणपणाचे कलमही बासनात गेले, याची हळहळ वाटते.

एवढे सारे मी एका रविवारी जेवताना मोठ्या तावातावाने मांडत होतो. आमची सूनबाई त्वचारोगतज्ज्ञ आहे. विजयनगरकडे तिने दवाखाना काढून तीन वर्षे झाली. तिने ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला रामबागेत तीन पिढ्या ओळखतात. मला तिथे कोण ओळखतं? कट मागणाऱ्यांना मी दारात उभं केलं नाही. मग माणसं कुठून यायची? डिरेक्टरीवाला पैसे घेतो तर निदान पावती देतो. आणि त्या पैशासाठी कुणाला नको असलेली तपासणी मी सांगत नाही." मी गप्प झालो. तिचे चुकले कोठे, हे त्या क्षणी मला दाखविता येईना, आणि खरे सांगावयाचे तर आजही पूर्णपणे दाखविता येत नाही. कर्ज डोक्यावर घेऊन नव्या वस्तीत बसणाऱ्या मुलाला किंवा मुलीला "सचोटीने राहा, लोक आपोआप येतील" हा उपदेश करणे फुकट आहे. तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दवाखाने वडिलांनी काढलेले असतात, माझाही.

तरी एका बाबतीत मी माझे मत सोडले नाही. रुग्णाला माहिती हवी असते, डिरेक्टरी त्याला क्रम देते, आणि तो क्रम कशाने ठरला हे त्याच्यापासून लपविते. सूनबाईने सचोटीने पैसे भरले तरी तिच्या वर आणि खाली जे आहेत त्यांनी काय भरले आणि का, हे रुग्णास कळत नाही. उद्या शेजारचा दुप्पट भरील, तिलाही भरावे लागेल, आणि तो खर्च शेवटी शुल्कातूनच निघेल. पावतीने एवढे बदलत नाही.

म्हणून उपदेश सोडून मी एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या मंडळाकडे सभासदांची यादी आहेच. दरवर्षी ती या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांत छापली जाते आणि रद्दीत जाते. तीच यादी मंडळाने स्वतःच्या नावाने इंटरनेटवर कायम खुली ठेवावी. नाव, पदवी, परिषदेचा नोंदणी क्रमांक, विषय, पत्ता, वेळ, दवाखान्याचा खरा दूरध्वनी आणि तपासणी शुल्क. शुल्क लावण्यात कोणी संकोच करू नये. दवाखान्यात शुल्काचा फलक लावण्यास २००२ चे नियमच सांगतात. क्रम वॉर्डाप्रमाणे आणि वॉर्डात आडनावाच्या अक्षरानुक्रमाने. तारे नकोत, अभिप्राय नकोत. (अभिप्रायाला उत्तर द्यावयाचे तर रुग्णाची गुप्तता मोडावी लागते, हा आणखी एक छळ, त्यावर पुन्हा केव्हातरी.) यादी फक्त मराठी डॉक्टरांची न राहता शहरातील इच्छुक सर्वांना खुली करता आली तर अधिक बरे, रामबागेतला रुग्ण डॉक्टरचे आडनाव पाहून येत नाही. आणि आपल्यापैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांनी नव्या वस्त्यांतल्या तरुण सभासदांकडे रुग्ण पाठवावेत, चिठ्ठीवर काहीही न मागता. यास फार पैसा लागणार नाही. एखाद्या सभासदाचा एका वर्षाचा डिरेक्टरीचा हप्ता बहुधा पुरेल.

कार्यकारिणीसमोर मी हे लेखी दिले आहे आणि सूनबाईलाही दाखविले. तिने वाचून सांगितले, "यादी झाली की पहिलं नाव माझं काढून घेते तिकडून. आधी यादी तर होऊ द्या." तिच्या नोंदणीची मुदत ३१ मार्चला संपते. यादीच्या कामासाठी मला दोन तरुण सभासद आणि एक संगणक जाणणारा माणूस हवा आहे. दवाखान्यात मी सकाळी दहा ते एक असतो.