वाणसामानाची यादी : एक दुर्लक्षित लेखनप्रकार

मराठी समीक्षेने बखर, पत्र, दैनंदिनी, आत्मकथन या सर्वांना लेखनप्रकाराचा मान दिला. पण घरोघरी सर्वांत अधिक वेळा लिहिल्या जाणाऱ्या एका मजकुराकडे तिचे क्वचितच लक्ष गेले. तो मजकूर म्हणजे वाणसामानाची यादी. तिच्याखाली कुणाचे नाव नसते, आणि काम झाले की ती चुरगळून फेकली जाते. ती साहित्य नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ती लेखन निश्चित आहे, आणि कोणत्याही लेखनाप्रमाणे तीही चांगली किंवा वाईट असू शकते. वाईट यादीची किंमत कुणाला तरी आपला वेळ देऊन मोजावी लागते. ती कोण मोजते, हा या टिपणाचा विषय आहे.

मानववंशशास्त्रज्ञ जॅक गुडी यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'यादी' या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, बोलण्याला ओघ असतो. यादी तो ओघ तोडते. तिला सुरुवात असते, शेवट असतो. तिच्यातील नोंदी वरखाली हलवता येतात, त्यांचे गट पाडता येतात. थोडक्यात, यादी हे विचार करण्याचे साधन आहे. आपल्या घरांतील बहुतेक याद्या मात्र कागदावर उतरलेले बोलणेच असतात. साखर, मीठ, काडेपेटी, तूरडाळ, साबण, जिरे, मग आठवली म्हणून हरभराडाळ, आणि अगदी शेवटी 'पोहे राहिलेच की' म्हणून पोहे. हा स्मरणाचा क्रम झाला. दुकानातील माणूस त्या यादीपायी डाळींच्या पोत्यांकडे दोनदा जातो, आपण तेवढा वेळ उभे राहतो, आणि घरी आल्यावर कळते की मोहरी आणायची राहिली. मग पुन्हा एक फेरी.

यादीला स्मरणाचा नव्हे, तर वापराचा क्रम असावा, हे आमचे साधे म्हणणे आहे. ते आपल्या परंपरेला परकेही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा शब्द अकारविल्हे लावत नाही. तो त्यांचे वर्ग पाडतो. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग, आणि त्यांतला शेवटचा पण्यवर्ग, म्हणजे बाजाराचा. ज्याला ज्या कामाचा शब्द हवा, त्याने त्या कामाच्या दालनात जावे, अशी ही रचना आहे. लातूरची गंजगोलाई पाहावी. मधोमध देवीचे मंदिर, भोवती गोलाकार पेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोने, पादत्राणे, कापड, मिरची, गूळ, अशा मालामालांचे बाजार तेथे आपापल्या जागी बसत आले. गोलाई ही दगडविटांत मांडलेली वर्गवारीच आहे. आणि निरक्षर म्हणून आपण ज्यांची गणना करतो, त्या आमच्या भागातील बायांनी रचलेली उतरंड तरी दुसरे काय होती? खाली मोठा डेरा, वर क्रमाने लहान होत जाणारी मडकी. रोज लागणारे हाताशी, क्वचित लागणारे तळाशी. उतरंडीला कागद लागत नव्हता, कारण हलके झालेले मडके हीच तिची नोंद होती.

ती उतरंड ज्या घरांत होती, ती घरे किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी कोसळली. गणेशविसर्जनाची ती रात्र. त्या भूकंपातील मनुष्यहानीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पुनर्वसनानंतर रोजच्या जगण्याच्या हिशेबात काय बदलले, याविषयी त्या मानाने कमी. जुनी गावे दाट होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, धान्याला बळद, गल्ल्या अरुंद, आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी घराच्या पुढच्या खोलीत मांडलेले दुकान. फोडणी तडतडत असताना पोराला मिठाला पिटाळावे, इतके ते जवळ असे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे रस्ते रुंद आणि सरळ आले, घरे सुटी सुटी आली, आणि गावाचे क्षेत्र जुन्या गावठाणाच्या कैक पट झाले. भूकंपाची धास्ती घेतलेल्या माणसांना मोकळी जागा हवीच होती. त्या आराखड्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण अंतर वाढले की प्रत्येक विसरलेली वस्तू महाग होते, एवढे आम्ही म्हणतो. पूर्वी विसरण्याचा दंड दहा पावलांचा होता. आता तो उन्हातल्या अर्ध्या तासाचा झाला.

ही घरे सर्वांना सारखी मिळाली नाहीत. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी त्यांची प्रतवारी होती. वेळ वाचवण्याचे जे उपदेश नियतकालिकांच्या गृहिणी-पुरवण्यांत छापून येतात, त्यांचे पितळ येथे उघडे पडते. 'महिन्याचे सामान एकदाच भरा' हा त्यांतला पहिला उपदेश. तो महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यासाठी, म्हणजे आमच्यासारख्या प्राध्यापकासाठी आहे. भूमिहीन म्हणून जिला २५० चौरस फुटांचे घर मिळाले, तिच्याकडे महिन्याचे पोते ठेवायला जागा नव्हती. आणि जागा असती तरी रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती पैसा येतो तो रोजचा किंवा आठवडी बाजाराच्या दिवशीचा. तिच्या यादीची लांबी तिची स्मरणशक्ती ठरवत नाही, मजुरी ठरवते. पाव किलो डाळ आणणाऱ्या बाईला 'नियोजन नाही' असे म्हणणारा माणूस नियोजन आणि भांडवल यांत गल्लत करतो.

मग लहान यादीला क्रम लावून काय साधणार? आमचे उत्तर असे की, क्रमाची गरज लहान यादीलाच अधिक आहे. मोठ्या यादीत एखादी वस्तू राहिली तर घरातील शिल्लक सांभाळून नेते. रोजच्या यादीत राहिली तर चूल अडते. म्हणून पहिला निकष संपण्याचा असावा. आज संपणारे सर्वांत वर, आठवड्यात संपणारे त्याखाली, सणाचे शेवटी. पैसे कमी पडले तर यादी खालून कापावी. दुसरा निकष दुकानाचा. अमेरिकेतील मेंफिस शहरात १९१६ साली ग्राहकाने स्वतः फिरून वस्तू उचलण्याचे दुकान निघाले, आणि तेव्हापासून तिकडची यादी चालण्याच्या वाटेप्रमाणे लावण्याची रीत पडली. आपल्या किराणा दुकानात ग्राहक उभा असतो आणि दुकानदार फिरतो. म्हणून आपली यादी त्याच्या हातांच्या क्रमाने हवी: तोलून घ्यायचे एकत्र, पुड्यांतले एकत्र, बाटली किंवा डबा घेऊन जावे लागेल असे वेगळे. प्रत्येक नावापुढे माप लिहावे. 'शेंगदाणे' एवढेच लिहिले की 'किती?' हा प्रश्न येतो, आणि निरोप घेऊन आलेल्या पोराला तो परत घरी पाठवतो. आज ही यादी मोबाइलवरून दुकानदाराला धाडली जाते; तेथे तर माप न लिहिलेली यादी म्हणजे चार उलट निरोपांना आमंत्रण.

वेळ अमावास्येचे उदाहरण पाहावे. मार्गशीर्षातील या सणाला आमच्याकडे घरे ओस आणि शेते भरलेली असतात. भज्जी, अंबिल, उंडे, खीर हा बेत ठरलेला. त्याची यादी पदार्थांच्या नावांनी लिहिली तर गोंधळ ठरलेला. तीच दिवसांप्रमाणे लिहिली की सगळे जागेवर बसते. अंबिलीचे पीठ आदल्या दिवशीच भिजवायचे, म्हणून ज्वारी दळणाला त्याआधी. खिरीचा गूळ बाजाराच्या दिवशी. भज्जीतले ओले दाणे आणि भाजी शेतातून, अगदी शेवटी. काय विकत आणायचे, काय घरात आहे आणि काय शेतात उभे आहे, असे तीन रकाने पाडले की दुकानाची अर्धी यादी आपोआप गळते. अनुभवी बाया हे करतच असतात. फक्त ते लिहीत नाहीत.

आणि नेमकी तेथेच खरी अडचण आहे. घराची यादी बहुधा एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते आणि ती व्यक्ती बाई असते. तेल किती उरले, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, पोराचा डबा, पाहुणे कधी येणार, हे सारे ती अखंड मोजत असते. घरातील पुरुष दुकानात जातो तेव्हा तिला मदत केल्याचे समाधान मानतो. पण काय आणायचे हे तिलाच सांगावे लागते, आणि चुकीचे आणले तर 'तू नीट सांगितले नाहीस' हेही तिनेच ऐकायचे. पिशवी वाहण्याचे श्रम दिसतात. यादी डोक्यात वाहण्याचे श्रम दिसत नाहीत. मराठवाड्यात आणि अन्यत्र आपण स्त्रीच्या श्रमांवरील कविता वर्गात शिकवतो. त्या शिकवताना जात्याबरोबर या न दिसणाऱ्या यादीचाही उल्लेख व्हायला हरकत नसावी.

म्हणून यादी लिहावी आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल अशी लावावी. डबा रिकामा करील त्याने नोंद करावी, मग तो कुणीही असो. सुव्यवस्थित यादीने दुकानातील दहा मिनिटे वाचतात, हा तिचा लहान लाभ. मोठा लाभ असा की, ती लिहिली गेली की वाटून घेता येते. दुकानात घटकाभर उभे राहून होणाऱ्या गप्पा यामुळे संपतील, अशी शंका कुणी घेतील. गप्पांसाठी जाणे आणि मोहरीसाठी पुन्हा जावे लागणे यांत फरक आहे. पहिले सुख आहे, दुसरे वेठ.