एका सेकंदात चित्रं किती?

मुलांनो, आईच्या किंवा बाबांच्या मोबाइलवर तुम्ही व्हिडिओ घेताच. आता जरा त्याच्या सेटिंगमध्ये डोकावून पाहा. बऱ्याच मोबाइलमध्ये तिथे २४, ३०, ६० असे आकडे दिसतील. एका सेकंदात कॅमेऱ्याने किती चित्रं टिपायची, ते हे आकडे सांगतात. अशा एका चित्राला म्हणतात फ्रेम. पडद्यावर खरं तर काहीच हलत नसतं, बरं का! स्थिर चित्रंच इतकी भरभर बदलतात, की आपल्याला सलग हालचाल दिसते.

तुम्ही म्हणाल, मग ६० च घ्यावा. जास्त ते चांगलं! पण सिनेमावाले बहुधा २४ च निवडतात. असं का?

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झळकला, तो त्याच काळातला. वेग थोडा कमीजास्त झाला, तर पडद्यावरची माणसं जरा लगबगीने चालायची, इतकंच. पण पुढे बोलपट आले आणि फिल्मच्या कडेलाच आवाज छापला जाऊ लागला. आता फिल्म भरभर सरकली की आवाज चिरका आणि हळू सरकली की घोगरा! म्हणून एकच वेग ठरवावा लागला. फार कमी ठेवला तर आवाज नीट येईना आणि फार जास्त ठेवला तर महागडी फिल्म भराभर संपे. शेवटी सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ठरला.

या वेगाने सिनेमाची नेहमीची फिल्म मिनिटाला ९० फूट लागते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट, चार किलोमीटरहून जास्त! ६० फ्रेम घेतल्या असत्या, तर दहा किलोमीटरच्या वर गेली असती.

आता फिल्म लागत नाही, तरी २४ टिकून आहे. एकेक फ्रेम साधारण १/५० सेकंद उघडी ठेवली, की पळणारा माणूस तिच्यात किंचित पुसट उमटतो. या पुसटपणाची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. त्यामुळेच 'सिनेमासारखं' वाटतं. २०१२ साली 'द हॉबिट' हा इंग्रजी चित्रपट ४८ फ्रेमने दाखवला, तेव्हा कितीतरी प्रेक्षकांना तो टीव्हीवरच्या कार्यक्रमासारखा वाटला. चित्र स्वच्छ होतं, पण गोष्टीतली जादू कमी झाली, असं त्यांचं म्हणणं.

मग ६० कशासाठी? लांब उडी, कबड्डीतली पकड, पाण्यात पडणारा दगड यांच्यासाठी. ६० ने टिपलेलं दृश्य २४ ने दाखवलं, तर एका सेकंदाची उडी अडीच सेकंद चालते. २४ ने टिपलेली उडी तशी हळू करायला गेलात, तर ती धक्के खाते. मधली चित्रं संगणक अंदाजाने भरू शकतो, पण ती अंदाजाचीच! म्हणून आकडा आधी ठरवा, मगच बटण दाबा.

आणि गोष्ट फार हळू घडणारी असेल तर? त्याचं उत्तर फाळक्यांनी १९१२ सालीच दिलं होतं. कुंडीतल्या वाटाण्याच्या बीची चित्रं त्यांनी दिवसामागून दिवस, थांबून थांबून घेतली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं! तो छोटा चित्रपट दाखवूनच त्यांनी पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं.

पाहिलंत ना? आकडा लहान की मोठा हा प्रश्नच नाही. आपल्याला काय दाखवायचं आहे, हे आधी विचारायचं.

करून पाहा : जुन्या वहीच्या २४ पानांच्या कोपऱ्यात खाली पडणारा चेंडू काढा. प्रत्येक पानावर तो थोडा खाली सरकवा. मग अंगठ्याने पानं भर्रकन सोडा. झाला तुमचा एका सेकंदाचा सिनेमा!

आणि हे गणित आईबाबांना घाला : २४ च्या वेगाने घेतलेल्या पाच मिनिटांच्या गोष्टीत फ्रेम किती?