फुलीचा अर्थ काय?

मतदान अजून कागदावर होत होते त्या काळात, बँकेतल्या नोकरीमुळे, माझी दोनदा मतमोजणीच्या कामावर नेमणूक झाली. एकदा हाती आलेल्या मतपत्रिकेवर रबरी शिक्क्याची खूण नव्हती. एका चिन्हावर शाईचा अंगठा स्वच्छ उमटला होता. मत कोणाला, याविषयी टेबलाभोवतीच्या कोणालाही शंका नव्हती. तरी ते बाद झाले. दिलेल्या शिक्क्याखेरीज दुसरी खूण चालत नाही आणि मतदार ओळखता येईल अशी खूण तर मुळीच नाही. नियम बरोबरच होता. पण बँकेत, रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे जन्मभर चाललेला कुणाचा तरी अंगठा त्या दिवशी चालला नाही, हे मनातून जाईना.

ऑस्ट्रेलियातल्या १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमताच्या बातम्या वाचताना तो अंगठा पुन्हा आठवला. तिथल्या मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे मंडळ राज्यघटनेत आणावे का, असा प्रश्न होता. आपल्यापैकी अनेकांची मुले मेलबर्न-सिडनीला स्थायिक आहेत. त्यांतले जे नागरिक झाले, त्यांना मतदान सक्तीचेच. मतपत्रिकेवर एकच चौकोन. त्यात इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ हा शब्द हाताने लिहायचा. मात्र मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत मोजावे, असेही तिथला कायदा म्हणतो. म्हणून नुसते पहिले अक्षर लिहिले तरी चालते. बरोबरची खूण केली तर तो होकार धरतात. मग फुली मारली तर तो नकार? नाही. ते मत बाद!

विरोधकांनी ओरड केली, आणि त्यांचे मला आश्चर्य वाटले नाही. निवडणूक आयोगाचे उत्तर असे की, हा कायदेशीर सल्ला १९८८ पासूनचाच आहे. कितीतरी छापील अर्जांवर लोक चौकोनात फुली मारून ‘हे मला लागू’ असेच सांगतात. तेव्हा फुलीचा अर्थ एकच नव्हे. सप्टेंबरात फेडरल कोर्टानेही आयोगाचीच बाजू उचलून धरली. आपण शाळेत फुली म्हणजे चूक असे शिकलो खरे, पण युरोपीय संघ सोडायचा की नाही यावर ब्रिटनमध्ये २०१६ साली सार्वमत झाले, तेव्हा पसंतीच्या चौकोनात फुलीच मारायची होती.

कोर्टाचा तर्क मला पटतो. मतपत्रिका पटत नाही. चेकवर अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे आपला १८८१ चा कायदा सांगतो. तो नियम देणाऱ्याकडेही झुकत नाही आणि घेणाऱ्याकडेही. इथे मात्र सूचना न वाचणाऱ्या दोघांपैकी ‘हो’वाल्याचे मत राहते आणि ‘नाही’वाल्याचे जाते. दोन चौकोन छापले असते तर काय बिघडले असते? सुदैवाने सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला आणि बाद मते एक टक्काही नव्हती. त्यामुळे वाद आपोआप विझला.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या वाट्याला हे सुदैव आले नाही. देशापासून अलग व्हायचे का, यावर ३० ऑक्टोबर १९९५ रोजी तिथे कौल घेतला गेला. ‘नाही’ची बाजू ५४,२८८ मतांनी जिंकली आणि बाद मते होती ८६,५०१! देश राहतो की फुटतो याचा फरक बाद मतांच्या ढिगापेक्षा लहान. तिथे तर दोन वर्तुळे छापली होती, एकात पेन्सिलीने खूण करायची, इतके सोपे. तरीही ‘नाही’चा जोर असलेल्या शोमदे मतदारसंघात शंभरात अकराच्या वर मते बाद ठरली. म्हणजे मतपत्रिका नीट असून भागत नाही. टेबलामागचा माणूसही नीट लागतो. प्रांतभराचा कट चौकशीत सापडला नाही, पण मते बाद करणाऱ्या काही मोजणीदारांवर खटले भरले गेले. ज्यांची मते अशी गेली तीच बाजू जिंकली म्हणून निभावले. ती थोडक्यात हरली असती तर तो निकाल कोणी मानला असता?

आपल्या दाराशीही असा एक कौल झाला आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. अक्षर न येणाऱ्यालाही आपले चित्र ओळखता येत होते. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा आणि बाद मते सात हजारांच्या आसपास.

माझे मामा पक्के फूलवाले होते. त्या निकालानंतर दोन दिवस ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत, असे आई सांगे. पुढे दर गणपतीत त्यांच्या तोंडून हा विषय निघेच. प्रचार कसा झाला, कोणी कच खाल्ली, कोण ऐन वेळी फिरले, सगळ्यांचा उद्धार होई. मतमोजणीबद्दल मात्र त्यांनी कधी एक शब्दही काढला नाही.